मागच्या खोलीवरचं ओझं

"गच्चीवर दोन खोकी ठेवायची म्हणते मी," जेवता जेवता सुनेनं विषय काढला. "लाकडी. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, फूटभर खोल. आत खडी आणि पाणी. बाबा, आपला स्लॅब सोसेल ना?"

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. सगळी गल्ली त्यांना मुकादम म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी बांधकामांवर मुकादमी केली होती, आणि काम सोडून सहा वर्षं झाली तरी हाक तीच राहिली होती. स्लॅबचं काही विचारायचं तर त्यांनाच, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

पण त्यांच्याआधी त्यांची बायकोच बोलली. "सोसेल ना म्हणजे काय? अगं, हा स्लॅब घातला तेव्हा तुझे सासरे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उन्हात उभे होते. पाण्याचा घोट घेतला नाही. एकेक सळई मोजून बांधून घेतली. लोकांच्या घरांना जपणारा माणूस स्वतःच्या घराला कमी करेल होय?"

ही गोष्ट ती एकोणतीस वर्षं सांगत आली होती. पाहुण्यांना, शेजारणींना, तिच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या बायकांना. सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची.

"सोसेल," मुकादम म्हणाले.

शब्द तोंडातून निसटला. समोर सून समाधानानं मान हलवत होती. पुढचं तिचं बोलणं त्यांच्या कानांवर नुसतं पडत राहिलं. खाली अंगणात एका मोठ्या पिंपात मासे सोडायचे, त्यांचं मळलेलं पाणी पंपानं खोक्यांत चढवायचं. खोक्यांत माती नाही, नुसती खडी. खडीत भाजी लावायची. मुळं पाण्यातलं हवं ते खाणार आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे जाणार.

"म्हणजे माशांची धुणीभांडी भाजी करणार," सासूबाई म्हणाल्या आणि मुलगा हसला. मुकादमही हसले, पण जरा उशिरा.

"कुठं ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"मागच्या बाजूला. पुढं टाकीची आणि शेजारच्या बिल्डिंगची सावली पडते. ऊन आहे ते मागच्या खोलीवरच."

तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

खरं असं होतं, की स्लॅब घातला त्या दिवशी मुकादम झोपले होते.

त्या आठवड्यात ठेकेदार मालकाच्या एका मोठ्या कामावर त्यांनी सलग तीन पाळ्या उभ्यानं काढल्या होत्या. त्या संपल्या तोच स्वतःच्या घराचा स्लॅब. बायको तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी होती. पुढच्या दोन खोल्यांचं काम त्यांनी डोळ्यांत तेल घालून करून घेतलं. मागच्या खोलीच्या सळया अजून बांधायच्या होत्या. दुपारी शेजारच्या मोकळ्या जागेत, झाडाखाली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर ते पाच मिनिटं पाठ टेकायला म्हणून आडवे झाले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि मागच्या खोलीवर माल ओतून, थापी फिरवूनसुद्धा झाली होती. "सगळं नीट झालंय," गवंडी म्हणाला. मुकादमांनी विश्वास ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा, ठेवायचं ठरवलं. बायको परत आल्यावर तिनं विचारलं, "दिवसभर उभे होता?" ते "हो" म्हणाले. त्या एका शब्दावर तिनं पुढं घोटभर पाण्यासकट सगळी गोष्ट उभी केली.

अकरा वर्षांनी तोच गवंडी आजारी पडला, तेव्हा मुकादम त्याला बघायला गेले. निघताना गवंड्यानं त्यांचा हात धरून ठेवला. "एक राहिलंय सांगायचं. तुमच्या मागच्या खोलीला सळया कमी पडल्या होत्या. तुम्हाला उठवायला आलो होतो मी. पण तुम्ही इतके गाढ झोपला होता, की जिवावर आलं. मग जरा लांब लांब बांधल्या. सहा इंचांच्या जागी नऊवर, कुठं दहावर. काही होत नाही म्हणा. माणसंच तर चालणार."

महिन्याभरात गवंडी गेला आणि ही गोष्ट जगात एकट्या मुकादमांपाशी राहिली. गेली अठरा वर्षं त्यांनी मागच्या गच्चीवर विटांची चवडही रचू दिली नव्हती. पाण्याची टाकी मुद्दाम पुढं बसवून घेतली. मुलगा लहानपणी तिथं उड्या मारायला लागला, की खालून ओरडायचे. घरातल्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचं गच्चीचं वेड आहे.

आणि त्या खोलीत, त्या स्लॅबखाली, त्यांच्या बायकोचा शिवणवर्ग चालायचा. तीन मशिनं, कापड कापायचं लांब टेबल, दुपारी दोन ते पाच सहा बायका आणि सातवी ती.

सून रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळची पाळी करून दोनला घरी यायची. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आणि त्यात सुताराची लेक. लग्नात तिनं वडलांकडे मागून घेतलं होतं ते त्यांचं जुनं हत्यारांचं खोकं, रंधा, पटाश्या, गुण्या, सगळं तेलात पुसून ठेवलेलं. अंगणातल्या मुकादमांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं फळ्या आणून टाकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली.

मुकादम मदतीला बसले. नाही कसं म्हणणार? शिवाय जवळ राहिलं तर काही करता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

"फूटभर खोल कशाला? आठ इंच पुरेत," ते म्हणाले.

"मुळांना फूटभर लागतं, बाबा."

"सहा फुटांची फळी पाण्यानं मधे फुगेल. चारचीच कर."

"म्हणून तर मधे आडवी पट्टी मारणार आहे."

"अंगणातच ठेव की. गच्चीवर वारा फार."

"अंगणात दीड तास ऊन येतं. मी आठवडाभर घड्याळ लावून बघितलंय."

प्रत्येक वाटेवर ती आधीच जाऊन आलेली असायची. खडीऐवजी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या घे, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. पण शेजारच्या कामावरची उरलेली खडी तिनं आधीच सांगून, धुऊन, पसरून ठेवली होती.

आणि अडचण अशी, की काम बघून त्यांचं मन त्यात रमायचं. सून रंधा मारायची तेव्हा लाकडाच्या पातळ, लांब ढलप्या वळून तिच्या पायांशी पडत. कोपऱ्यात फळी फळीत अशी बसवायची, की मधे कागद जाऊ नये. स्क्रू आधी बारीक भोक पाडून मगच पिळायची, लाकूड चिरू नये म्हणून. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात, आतून जाड काळं प्लास्टिक, कोपऱ्यात घडी घातलेलं, कुठंही न कापलेलं. तळाला एकच भोक, त्यात नळी. पाणी ठरलेल्या उंचीला आलं, की ती नळी आपोआप सगळं पाणी खाली ओढून घ्यायची. मुकादम फळीचं दुसरं टोक धरून बसायचे आणि मनात म्हणायचे, असं काम करणारी माणसं आपल्या हाताखाली असती तर.

मग लगेच मनातला दुसरा मुकादम वजनं मांडायला बसे. फूटभर खोल, अठरा चौरस फूट. खडी आठशे किलो. खडीच्या फटींतलं पाणी दोनशे. एका खोक्याचा एक टन. दोन खोक्यांचे दोन. आणि खाली बायको काजं शिकवतेय.

एके दिवशी गुण्या सापडेना. काटकोन बघितल्याशिवाय दुसरं खोकं पुढं सरकेना. सून तासभर शोधत होती. मुकादमही तिच्याबरोबर शोधत होते. शेवटी तो शेडच्या मागं, रिकाम्या रंगाच्या डब्यात निघाला. सुनेनं तो हातात घेतला आणि त्यावरचा रंगाचा डाग बोटानं खरवडला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला हे नकोय का? तसं असेल तर स्पष्ट सांगा. मला राग येणार नाही."

सांगायला ती वेळ बरी होती. पण शेडच्या दारातून मागच्या खोलीची खिडकी दिसत होती आणि खिडकीत बायको बसलेली. दातात दोरा धरून कुणाला तरी हसत काहीतरी सांगत होती. काय सांगत असेल, याचा अंदाज त्यांना होता.

"तसं काही नाही गं," ते म्हणाले. "वय झालं. कुठं काय ठेवलं आठवत नाही."

सुनेला ते पटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं गुण्या फळीला लावला आणि पाठ फिरवून काम सुरू केलं.

खोकी गच्चीवर चढवायच्या आदल्या दिवशी मुकादमांनी मागच्या खोलीत वर चढायचा लाकडी घोडा लावला. कोळिष्टकं काढतो, असं बायकोला सांगितलं. छताला खिडकीपासून टेबलापर्यंत एक केसासारखी बारीक चीर होती, कित्येक वर्षांची. त्या चिरेवर त्यांनी प्लास्टरचा रुपयाएवढा ठिपका थापला. कामावर ते नेहमी असंच करत. चीर हलली, की आधी ठिपका तडकतो.

"ते काय लावलं वर?" बायकोनं विचारलं.

"पोपडा निघाला होता."

"तेवढाच? बाकीचं छत कोण रंगवणार?"

रविवारी सकाळी मुलाला सुट्टी होती. त्यानं आणि सुनेनं दोन्ही खोकी वर नेली, मागच्या गच्चीवर विटांच्या बुटक्या ओळींवर ठेवली, लेव्हल बघितली. गळतंय का ते पाहायला, तळाच्या नळीला बूच मारून, पहिल्या खोक्यात आधी नुसतं पाणी भरायचं होतं. वर पाइपातून पाणी पडायला लागलं तेव्हा मुकादम खाली मागच्या खोलीत जाऊन उभे राहिले. मान वर करून, हात पाठीमागं. सुट्टीचा दिवस असल्यानं खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुणी असतं तर आपण काय केलं असतं, हा विचार त्यांनी मनातून हाकलला. वरून पाण्याचा आवाज येत होता. जसजसं खोकं भरत गेलं तसतसा तो आवाज जाड होत गेला, आणि मग बंद झाला. पाचशे किलो. ठिपका होता तसाच.

संध्याकाळपर्यंत एक थेंबही गळला नाही. सून इतकी खूश झाली, की गुण्याचा विषय विसरल्यासारखी त्यांच्याशी बोलली. "बाबा, तुमच्या आडव्या पट्टीमुळं फळी तसूभर फुगली नाही." पट्टी खरं तर तिचीच होती.

आठवडाभर मुकादम सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्या खोलीत जाऊन यायचे. शिवणाऱ्या बायका आपसात हसायच्या. "मुकादम, तुम्हीपण नाव घाला क्लासला," एक जण म्हणाली. ठिपका शाबूत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं होतं का आपलं? गवंडी आजारी होता. तापात माणूस काहीही बोलतो. पाण्याचे पाचशे किलो सोसले, तर खडीचा एक टनही सोसेल. की नाही सोसणार? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी ती गोष्ट झाली होती. जेवण जाईना. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले, बघू.

खडी भरायचा दिवस सुनेनं शनिवार ठरवला. मुलानं अर्धी रजा घेतली. शनिवारी दुपारी शिवणवर्ग असतो, हे मुकादमांनी दोनदा आठवण करून दिलं.

"मग? आवाज होईल थोडा," सून म्हणाली. "आईंना विचारलंय मी."

दुपारी अडीचला मुलगा गोण्या वाहायला लागला. अर्धी अर्धी गोणी खांद्यावर, जिना चढून वर. सून खोक्यात प्लास्टिकला धक्का लागू नये म्हणून खडी हातानं पसरत होती. पंप चालू करून ती खडीत पाणीही सोडत होती, धूळ खाली बसावी म्हणून. मुकादम जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहून गोण्या मोजत होते. चौदा, पंधरा, सोळा. पहिलं खोकं भरलं. दुसरं सुरू झालं. एकविसाव्या गोणीला त्यांचे पाय आपोआप खाली वळले.

खोलीत तिन्ही मशिनं चालू होती. मुकादमांनी चष्मा पुसला आणि छताकडं पाहिलं.

ठिपक्याच्या मधोमध एक काळी रेघ होती.

ते टेबलापाशी गेले, एका बाईला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्टुलावर चढले. रेघच होती. प्लास्टर वाळूनही तडकतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण सात दिवस ते तडकलं नव्हतं. वरून गोणी रिकामी झाल्याचा खरखराट आला आणि छताची बारीक पूड त्यांच्या भुवईवर पडली. ती ठिपक्याची होती की कोळिष्टकाची, हे त्यांना आजही सांगता येणार नाही.

"उठा," ते म्हणाले. आवाज इतका बसका निघाला, की कुणी ऐकलंच नाही. मग त्यांनी कामावरचा आवाज काढला. "मशिनं बंद करा. सगळ्या जणी अंगणात चला. आत्ता."

मशिनं थांबली. "अहो, काय झालं?" बायको म्हणाली.

"चल बाहेर."

"माझं काज अर्धं राहिलंय," एक म्हातारी शिकाऊ बाई म्हणाली.

"काज बाहेर करा. उठा म्हणतो ना."

त्यांनी तिच्या हातातलं कापड घेतलं, दंड धरून तिला उठवलं. बायकोचा चेहरा लाल झाला होता; परक्या बायकांसमोर असं ते कधी वागले नव्हते. पण त्यांची नजर छतावरून हलत नव्हती, ते तिनं पाहिलं आणि मग तीच सगळ्यांना दाराकडं ढकलायला लागली. शेवटची बाई उंबरा ओलांडून गेल्यावर मुकादमांनी दाराला बाहेरून कडी घातली आणि जिना चढले. बासष्ट किलोचा माणूस, तरी गच्चीवर पाऊल टाकताना त्यांनी आपलंही वजन धरलं.

"थांबवा," ते म्हणाले. "पंप बंद कर. नळ्या काढ. आणि तू तिथून मागं हो, खाली भिंत आहे तिथं उभा राहा."

मुलगा गोणी खांद्यावर घेऊन तसाच थबकला. सुनेनं पंप बंद केला. "बाबा, काय झालं?"

मुकादम पहिल्या खोक्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि ओंजळीनं खडी काढून पुढच्या गच्चीकडं फेकायला लागले. सून त्यांच्यासमोर बसली आणि तिनं त्यांची दोन्ही मनगटं धरली.

"बाबा. आधी सांगा."

"या खोलीला सळया कमी आहेत," ते म्हणाले. "सहाच्या जागी नऊ, दहा इंचांवर. मला अठरा वर्षं माहीत आहे. मी त्या दिवशी इथं नव्हतो गं. मी झोपलो होतो. पलीकडं, झाडाखाली. सोसेल म्हणालो ते खोटं बोललो."

सुनेच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, पण आधी आला तो हिशेब. "नळी उघडली तर पाणी पाच मिनिटांत जाईल," ती नवऱ्याला म्हणाली. "खडी आपण दोघं भिंतीकडून काढू. एका वेळी एकच जण आत. बाबा, तुम्ही उठा आता. तुम्ही नका."

मुकादम उठले आणि वळले. जिन्याच्या तोंडाशी त्यांची बायको उभी होती. ती केव्हा आली, त्यांना कळलं नव्हतं. तिच्या खांद्यावर मोजायची टेप तशीच लोंबत होती.

"झोपला होता?" ती म्हणाली.

"तीन पाळ्या झाल्या होत्या."

"ते नाही विचारत मी. माणूस आहे, झोपला. सळयांचं म्हणाल तर तेही गवंड्यानं केलं." ती एक पायरी वर आली. "पण अठरा वर्षं तुम्हाला माहीत होतं आणि मी रोज त्या खोलीत बसत होते. बायकांना बसवत होते. तुम्ही मला तिथं बसू दिलंत."

वर काही जड नाही तोवर धोका नाही, असं मुकादम स्वतःला समजावत आले होते. ते आता बोलून दाखवायची त्यांना लाज वाटली. बायको खाली गेली. बायकांना तिनं काय सांगून घरी पाठवलं, ते त्यांना कधी समजलं नाही.

अंधार पडायच्या आत खोकी रिकामी झाली. मुलानं खडी खाली उतरवली, सुनेनं लाकूड. त्या दिवसापासून बायकोनं मशिनं पुढच्या खोलीत हलवली. मुकादम मशिनला हात लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे," आणि सुनेला हाक मारली. बोलणं कामापुरतं राहिलं. चहा झालाय. गिरणीत जाऊन या. फोन वाजतोय.

चार दिवसांनी मुकादमांच्या हाताखाली शिकलेला एक जण आला. आता तो इंजिनीअर होता, केस पिकलेले. त्याच्याकडं एक लहानसं यंत्र होतं. ते छतावरून सरकवलं, की आत सळई असेल तिथं पीं करायचं. जिथं वाजेल तिथं तो खडूनं रेघ मारायचा. आधी त्यानं पुढच्या खोलीत करून पाहिलं. सहा, सहा, सहा. वहीवर आखल्यासारख्या रेघा. मग मागच्या खोलीत. बायको दारात येऊन उभी राहिली. नऊ. दहा. नऊ. खिडकीकडे एका ठिकाणी यंत्र बराच वेळ मुकाट सरकत राहिलं आणि मग वाजलं. त्यानं टेप लावली. अकरा.

"माणसं चालली तर हा स्लॅब अजून पन्नास वर्षं हूं की चूं करणार नाही," इंजिनीअर म्हणाला.

"आणि खोकी राहिली असती तर?" सुनेनं विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित दोन-तीन वर्षं वाकत गेला असता आणि मग..." त्यानं हात हलवला. "मी खाली बसलो नसतो."

मुकादमांनी त्याला तडकलेला ठिपका दाखवला. त्यानं बोटानं चाचपला. "हा वाळूनही तडकला असेल, मुकादम. नक्की नाही सांगता येत." मुकादमांनी मान हलवली. तो तडकला नसता तर आपण बोललो असतो का, हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही.

खोलीत दोन लोखंडी तुळया आडव्या घालायचं ठरलं. वेल्डर येऊन गेला, तुळया भिंतींत बसल्या, फटी भरल्या. त्या वेळी मुकादम सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं उभे राहिले. मुलगा जेवायला बोलवायला आला तरी हलले नाहीत. गच्चीवर खोकी नेण्याची गोष्ट मात्र सुनेनंच बंद केली. "तुळया खोक्यांसाठी नाहीत," ती म्हणाली. "आईंसाठी आहेत."

मग मुकादमांनी अंगणातल्या शेडचे पत्रे काढले. वासे उतरवले, फावडी, दोऱ्या, जुन्या पाट्या वाटून टाकल्या. शेड गेल्यावर अंगणात ऊन किती येतं, ते सुनेनं पुन्हा घड्याळ लावून पाहिलं. साडेतीन तास. टोमॅटोला पुरेसं नाही, पालेभाजीला चालेल. खोकी तिथं जमिनीवर ठेवली. पिंपात मासे सोडले. पहिल्या पंधरवड्यात चार मासे मेले, एका खोक्याची नळी तुंबली, दुसऱ्याच्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं. सून आणि मुकादम पोटावर पडून, गाल फरशीला लावून, थेंब कुठून येतो ते शोधत बसायचे. गुण्याबद्दल तिनं त्यांना एकदाच विचारलं, "तुम्हीच ठेवला होता ना?" ते "हो" म्हणाले. "पुढच्या वेळी हत्यार नका लपवू, वडलांचं आहे," ती म्हणाली, आणि विषय संपला.

महिन्यानंतर बायको खोक्याजवळ खुर्ची घेऊन बसली होती, उजेड चांगला म्हणून. हातात कुणाच्या तरी ब्लाउजची बाही. मुकादम खडीत रोपं लावत होते.

"आणखी काही आहे का?" तिनं मान वर न करता विचारलं. "मला माहीत नसलेलं. घराचं."

मुकादमांनी हातातलं रोप खाली ठेवलं आणि खरोखर विचार केला. न्हाणीघराचा उतार बरोबर होता. पाया त्यांनी स्वतः बघितला होता. दारांच्या वरचे लिंटेलही.

"जिन्याची सातवी पायरी," ते म्हणाले, "अर्धा इंच उंच आहे. ती माझी चूक."

"ती मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. "रोज ठेचकाळते."

तिनं दोरा तोडला, सुईत नवा ओवला आणि बाही उलटी करून पुढची शिवण घ्यायला लागली. मुकादम आणखी काही आठवतंय का, ते आठवत तिथंच बसून राहिले.